कार्बन कमी करायचा, पण कुठल्या सालापासून मोजून?

औसा तालुक्यातल्या एका सरपंचताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: गावाने ‘कार्बन न्यूट्रल’ होण्याचा, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा शोषून घेण्याचा, ठराव ग्रामसभेत घ्यावा, असं त्यांना सांगण्यात आलंय. राज्याचं उद्दिष्ट नेमकं किती, त्यात गावाचा वाटा किती, आणि तो मोजायचा कसा? शेवटी त्यांनी लिहिलंय, “आम्ही उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी माणसं. आम्ही काय कमी करायचं?”

ताई, हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे. पण त्याचं उत्तर द्यायचं तर आधी उद्दिष्टाची भानगड सोडवावी लागते, म्हणून तिथूनच सुरू करतो. मी सव्वीस वर्षं ऊर्जा लेखापरीक्षण करतोय. आधी साखर कारखाने आणि पाणीपुरवठा योजना केल्या, आणि गेली दहाएक वर्षं नगरपालिका-ग्रामपंचायतींचे हरितगृह वायूंचे हिशेब करतोय. या कामात मी केलेल्या चुकाही पुढे येतीलच.

जगापुढे वचन दिलंय ते देशाने, राज्याने नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये ग्लासगोच्या परिषदेत भारताने 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाची घोषणा केली. ऑगस्ट 2022 मध्ये सुधारित वचनपत्र मंजूर झालं. त्यात 2005 च्या तुलनेत 2030 पर्यंत उत्सर्जनाची ‘तीव्रता’, म्हणजे देशाच्या उत्पन्नातल्या दर रुपयामागचं उत्सर्जन, 45 टक्क्यांनी कमी करायची आणि विजेच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-तेल-वायू सोडून इतर स्रोतांचा करायचा, असं ठरलं. हा ‘तीव्रता’ शब्द नीट ध्यानात घ्या, कारण भाषणांत तो हटकून गळतो. एखाद्या हॉटेलवाल्याला पूर्वी हजार कप चहाला एक सिलिंडर लागायचा, आता तेवढ्यातच सोळाशे कप होतात. शेगडी सुधारली, चांगलंच झालं. पण गिऱ्हाईक तिप्पट झालं तर महिन्याचे सिलिंडर वाढलेलेच दिसणार. भारताने डिसेंबर 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालात 2005 ते 2020 या काळात तीव्रता 36 टक्क्यांनी घटल्याचं म्हटलंय. हे खरं आहे आणि या काळात एकूण धूर, म्हणजे उत्सर्जन, वाढला, हेही खरं आहे. विकसनशील देशाने असं उद्दिष्ट घेण्यात गैर काही नाही, फक्त ते कशाचं आहे हे माहीत असावं.

आता राज्याकडे या. हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा 2008 चा, आणि त्यापाठोपाठ राज्यांना आपापले आराखडे करायला सांगितलं गेलं. महाराष्ट्राने टेरी या संस्थेकडून अभ्यास करून घेतला, तो 2014 मध्ये आला, आणि त्याच्या नावातच ‘अनुकूलन’ होतं. म्हणजे बदललेल्या पावसाशी जुळवून कसं घ्यायचं, हा त्याचा गाभा. धूर किती कमी करायचा, हा नव्हे. 2020 मध्ये पर्यावरण विभागाच्या नावात ‘वातावरणीय बदल’ जोडलं गेलं आणि त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला माझी वसुंधरा अभियान सुरू झालं. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशी पाच तत्त्वं आणि त्यावर गुण. तुमच्या ठरावाची कल्पना बहुधा अशाच कुठल्या तरी गुणांच्या रकान्यातून आलेली असणार.

याशिवाय राज्याची जी ठळक उद्दिष्टं आहेत ती क्षेत्रवार आहेत. 2020 च्या अपारंपरिक ऊर्जा धोरणात 2025 पर्यंत 17,360 मेगावॅट. 2021 च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात 2025 पर्यंत नव्या नोंदणीत दहा टक्के इलेक्ट्रिक वाहनं. 2023 मध्ये हरित हायड्रोजनचं धोरण. म्हणजे आकडे मेगावॅटांचे आहेत, गाड्यांचे आहेत, टनांचे नाहीत. मुंबई महापालिकेने मार्च 2022 मध्ये आराखडा काढून 2050 चं शून्य स्वतःवर घेतलं, पण ते त्या शहरापुरतं.

टनांचं उद्दिष्ट म्हणजे काय, याचं जगातलं नेहमीचं उदाहरण अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचं. तिथल्या विधिमंडळाने 2006 मध्ये कायदाच केला की 2020 पर्यंत राज्याचं एकूण उत्सर्जन 1990 च्या पातळीवर आणायचं. मोजणारी यंत्रणा ठरली, कारखान्यांना दरवर्षी नोंद बंधनकारक झाली, आणि 2016 मध्येच, चार वर्षं आधी, ते त्या पातळीखाली गेले. त्याच 2016 मध्ये 2030 साठी चाळीस टक्के कपातीचा पुढचा कायदा आला. श्रीमंत राज्य आहे, त्याची आपली तुलना नको. पण त्या कायद्यात तीन गोष्टी होत्या: कुठल्या सालापासून मोजायचं, हद्द कुठली, आणि मोजणार कोण. या तीन नसतील तर उद्दिष्ट म्हणजे नुसता फ्लेक्स.

त्यामुळे तुमच्या वाट्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की कायद्याने तुमच्या गावाचा वाटा शून्य आहे. कुणीही तुम्हाला नोटीस देऊ शकत नाही. जे कराल ते स्वखुशीने.

आता ‘कुठल्या सालापासून’ याची गंमत सांगतो. मराठवाड्यात ती जितकी बोचते तितकी दुसरीकडे क्वचितच.

काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एका नगरपालिकेचा हिशेब मी केला. पायाभूत वर्ष घेतलं 2015-16. कारण काय, तर त्या वर्षाची कागदपत्रं धड लागलेली होती, बस. आता ते वर्ष आठवा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिण्या, पाच लाख लिटर. विहिरी, बोअर कोरडे. विहिरीत पाणीच नाही तर मोटार कशाला चालेल? नळयोजनेचे पंपही आठवड्यातून एखाद्या दिवशी. विजेचा वापर तळाला गेलेला, आणि त्या वर्षाला मी ‘पाया’ म्हटलं! त्याच 2016 च्या पावसाळ्यात धो-धो झाला, मांजरा धरण भरलं, मोटारी सुरू झाल्या. पुढच्या वर्षीच्या तक्त्यात उत्सर्जन उडी मारून वर. मुख्याधिकारी वैतागून म्हणाले, “साहेब, आम्ही वर्षभर एलईडी दिवे बसवले, झाडं लावली आणि तुमच्या कागदावर आम्हीच गुन्हेगार?” त्यांचं म्हणणं बरोबर होतं. चूक माझी होती.

याचीच मोठी आवृत्ती म्हणजे परळी. बीड जिल्ह्यातलं औष्णिक विद्युत केंद्र, 1971 पासूनचं. 2013 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये पाण्याअभावी ते बंद ठेवावं लागलं. जिल्हावार हिशेब तेव्हा कुणी मांडला असता तर बीड जिल्ह्याने एका फटक्यात केलेली कपात पाहून परदेशी पाहुणे अभ्यासाला आले असते. लोक मात्र तेव्हा छावण्यांत जनावरं बांधून बसले होते. उत्सर्जन कमी होणं आणि बरं चाललेलं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुष्काळही उत्सर्जन कमी करतो.

म्हणून आता माझा नियम असा: मराठवाड्यात एका वर्षाचा पाया कधीच घ्यायचा नाही. निदान तीन वर्षांची सरासरी, जमलं तर पाच, आणि त्यात एक तरी कोरडं आणि एक तरी ओलं वर्ष असलं पाहिजे. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीचं वर्ष एकटं घेतलंत तरी असाच घोटाळा होईल, फक्त उलट्या बाजूने.

हद्दीचा प्रश्नही परळीनेच समजतो. सध्या तिथे 250 मेगावॅटचे तीन संच, म्हणजे 750 मेगावॅट. वर्षभर सरासरी साठ टक्के क्षमतेने चालले असं धरलं तर 390 कोटींच्या आसपास युनिट होतात. कोळशाच्या विजेला युनिटमागे ढोबळमानाने एक किलो कार्बन डायऑक्साइड धरा. चाळीस लाख टनांच्या घरात जातो. हा धूर निघतो परळीत, राख पडते परळीच्या आजूबाजूच्या शिवारात, आणि वीज जाते राज्याच्या जाळ्यात, म्हणजे पुण्याच्या एसीपासून तुमच्या पिठाच्या गिरणीपर्यंत कुठेही. धूर कुणाच्या खात्यावर टाकायचा? जागेनुसार मोजलं तर बीड जिल्हा राज्यातल्या बड्यांत बसतो, वापरानुसार मोजलं तर तळाशी. आपल्याकडे गावपातळीवर वापरानुसार मोजावं, हेच न्यायाचं. त्यासाठी सगळ्या देशाच्या जाळ्याचा सरासरी आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी काढतं. अलीकडच्या वर्षांत तो युनिटला 0.7 किलोच्या थोडा वर आहे. मी खाली 0.72 धरतो.

चला, गाव मांडू. तुमच्या गावाचे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून चारशे उंबऱ्यांचं एक ‘समजा’ गाव घेतो. आकडे तुम्ही बदलायचे, रीत तीच ठेवायची.

समजा 250 शेतीपंप आहेत, सगळे पाच एचपीचे. पाच एचपी म्हणजे 3.73 किलोवॅट. वर्षात 800 तास चालला तर एक मोटार तीन हजार युनिट खाते. 250 मोटारींचे साडेसात लाख युनिट, म्हणजे 540 टन. घरगुती वापर महिन्याला सरासरी 80 युनिट धरला तर चारशे घरांचे वर्षाला पावणेतीनशे टन. वीस ट्रॅक्टर, प्रत्येकी दीड हजार लिटर डिझेल, लिटरला 2.68 किलोने ऐंशी टन. दोनशे म्हशी; एक म्हैस वर्षाला सुमारे 55 किलो मिथेन सोडते आणि मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट धरतात, म्हणजे म्हशीमागे दीड टन, एकूण तीनशे. (म्हशींना दोष देऊ नका. गाभण काळ, भाकड काळ, चाऱ्याची प्रत यावर बरंच ठरतं, आणि भाकड जनावर कमी राहिलं तर मालकाचाच फायदा आहे.)

आणि मग युरिया. याच्याजवळ जरा थांबू या, कारण ग्रामसभेत हा विषय काढला की लोक माझ्याकडे ‘हा कुठला’ अशा नजरेने बघतात.

कृषी सेवा केंद्राच्या दारात जे पोतं पडलेलं असतं ते 45 किलोचं, 266 रुपयांचं. त्यात नत्र 46 टक्के, म्हणजे पोत्यामागे 20.7 किलो. शेतात टाकलेल्या नत्रातला साधारण एक टक्का नायट्रस ऑक्साइड बनून उडतो, असं आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान तज्ज्ञ मंडळाच्या, 2006 च्या पद्धतीत धरतात. त्याचा वायूच्या वजनात हिशेब केला तर पोत्यामागे तिसरा हिस्सा किलो. दिसायला काहीच नाही. पण नायट्रस ऑक्साइड 265 पट! म्हणजे 86 किलो. वर युरिया विरघळताना त्यातलाच कार्बन मोकळा होतो, तो 33 किलो. एकूण पोत्याला 120 किलो. 45 किलोच्या पोत्यातून 120 किलो, आणि हे नुसतं शेतातलं; कारखान्यात ते बनवायला लागलेला गॅस वेगळाच. समजा-गावात वर्षाला चार हजार पोती पडत असतील तर 480 टन झाले. जवळजवळ सगळ्या मोटारींइतके.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. 2019 च्या सुधारित पद्धतीत कोरड्या हवामानासाठी तो एक टक्का अर्धा केलाय. आपलं सातशे-आठशे मिलिमीटरचं शिवार त्यात बसतं. तसं धरलं तर पोतं 76 किलोवर येतं आणि गावाचा युरिया तीनशे टनांवर. कुठला आकडा घ्यायचा? कुठलाही घ्या, पण दरवर्षी तोच घ्या. पद्धत बदलून झालेली ‘कपात’ मी खूप पाहिली आहे.

सोयाबीनला हा युरिया लागतो तरी किती? मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतातच. तरी शेजारच्याचं पीक काळंभोर दिसतंय म्हणून पंचविसाव्या दिवशी पोतं फेकलं जातं, वाढ नुसती माजते, आणि पाऊस लागला की पीक लोळतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशी आणि मृदा आरोग्य पत्रिका समोर ठेवून एकरी एक पोतं कमी करता आलं तर त्यात हवामान धोरणाचं नावही घ्यायची गरज नाही. तीन लिटर पेट्रोलपेक्षा स्वस्त असलेल्या पोत्याचा हात आवरणं मात्र अवघड आहे, हे मान्य.

बेरीज करा: एक टक्क्याच्या पद्धतीने साधारण 1,700 टन. परळीचा एका वर्षाचा धूर म्हणजे अशा दोन हजारांहून जास्त गावांचा हिशेब. हे वाचून कुणी म्हणेल, मग आपण कशाला? त्याकडे येतोच, आधी झाडं.

झाडांवाचून कार्बनचा ठराव होत नाही. 2016 ते 2019 या चार वर्षांत राज्याने दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी आणि तेहतीस कोटी अशी लागवडीची उद्दिष्टं घेतली. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्क्याच्याही खाली, त्यामुळे झाडं हवीतच, याबद्दल दुमत नाही. पण हिशेब बघा. धरलेलं, वाढीला लागलेलं झाड वर्षाला ढोबळमानाने वीस किलो कार्बन डायऑक्साइड धरतं. तुम्ही दोन हजार लावलीत आणि आपल्या उन्हाळ्यात अर्धी जगली तर वीस टन. 1,700 मधले वीस. तेवढे तर चाळीसेक मोटारी सुधारून होतात. झाडं सावलीसाठी, मातीसाठी, पाखरांसाठी लावा. शून्य गाठण्यासाठी लावाल तर लावून लावून थकाल. बांबूचं वेगळं आहे. शेतकरी नेते पाशा पटेल गेली काही वर्षं लातूरातून तो विषय लावून धरतायत, आणि औष्णिक केंद्रांत कोळशात काही टक्के जैवइंधन मिसळण्याचं केंद्राचं 2021 चं धोरण आहे, त्यामुळे त्याला बाजार मिळू शकतो. मात्र लावण्याआधी कापणी आणि वाहतूक कोण करणार, हे लेखी असू द्या.

लेखीवरून आठवलं. ‘तुमच्या झाडांचे कार्बन क्रेडिटचे पैसे देतो’ म्हणत फिरणारे लोक गावात येतील, नाही तर आलेही असतील. सगळेच लबाड नसतात. पण करार वीस-तीस वर्षांचा असतो, मधेच झाड तोडलं तर काय हे बारीक अक्षरात असतं, आणि मोजणीचा खर्च आधी वळता होतो. ग्रामपंचायतीच्या गायरानावर सही करण्याआधी गटविकास अधिकाऱ्यांना आणि एखाद्या वकिलाला तो कागद दाखवाच.

आता मोटारी. मराठवाड्याच्या हिशेबाचा कणा इथेच आहे, आणि राज्याच्या धोरणातला सगळ्यांत खरा भागही इथेच आहे.

रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री दीडला शेतात गेलेला माणूस तुम्ही रोज पाहता. लाइट आली की सगळ्यांच्या ऑटोने (आपोआप चालू करणाऱ्या स्विचने) मोटारी एकदम उठतात, व्होल्टेज पडतं, डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, गुरगुरतो आणि आठवड्यातून एकदा जळतो. मग वर्गणी काढून टेम्पोत घालून तो नेणं आलं. पाणी कुठल्या सरीत गेलं हे अंधारात कळत नाही, माणूस बांधावरच डुलकी घेतो, मोटार चालूच. दिवसा चार तासांत होणारं भरणं रात्री सात तास खातं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 ची, तिचा दुसरा टप्पा 2023 चा. त्यात गावाजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून शेतीचा फिडर, म्हणजे शेतीपंपांची वीजवाहिनी, दिवसा त्यावर चालवायचा. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प आपल्याच मराठवाड्यात, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला 2024 मध्ये सुरू झाला, तीन मेगावॅटचा. त्याच वर्षी ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ आली, दहा टक्के हिस्सा भरायचा, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच. या दोन योजना नीट चालल्या तर समजा-गावातले 540 टन बऱ्याच अंशी पुसले जातील, आणि गावाने त्यासाठी एक शपथही घ्यायची गरज नाही. दिवसा लाइट मिळते म्हणून लोक त्या मागतात, हवामानासाठी नाही. माझ्या मते चांगल्या धोरणाची हीच खूण.

पण हातचं राखून सांगतो. वीज सूर्याची झाली म्हणून पाणी वाढत नाही. 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना बिल नाही. सौरपंपाला तर मीटरच नाही. मोटार बंद करायचं एकही कारण शेतकऱ्याच्या खिशात उरत नाही. आपला काळा पाषाण. पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत तेवढंच. दोनशे फुटांचे बोअर आठशेवर गेले ते आपल्या डोळ्यांदेखत. खोली वाढली की तेवढ्याच पाण्याला वीज जास्त. साधं गणित आहे: एक घनमीटर पाणी शंभर मीटर वर चढवायला, पंपाची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली तर, 0.39 युनिट लागतात. जाता जाता हाच आकडा मोठ्या उपसा योजनांना लावून बघा. एक टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी शंभर मीटर चढवायचं तर एक कोटी दहा लाख युनिट, आठ हजार टन. कृष्णा-मराठवाडा असो की पश्चिमेचं पाणी गोदावरीत आणण्याच्या योजना, मला त्यांचा विरोध नाही, आपल्याला पाणी हवंच आहे. पण राज्याच्या हवामान आराखड्यात ही वीज आजच मांडून ठेवायला हवी, आणि पाणी चढवल्यावर ते उसाला जाणार की तुरीला, हेही. आणि दिवसाच्या उन्हासाठी जलाशय झाकायचे की नाहीत, हा आणखी वेगळा वाद. जायकवाडीवरच्या तरंगत्या सौर प्रकल्पाविरुद्ध मच्छीमार न्यायालयापर्यंत गेले, त्यांची भीती कुणी हसण्यावारी नेऊ नये.

म्हणून माझा सल्ला असा, की सौर मागताना त्याच ठरावात पाण्याचा ताळेबंद घाला. पोकरात, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, तुमचं किंवा शेजारचं गाव असेल तर गावाच्या पाण्याचा ताळेबंद तिथे मांडलेला असेल. 2018 पासून मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत तो प्रकल्प चालला. ते रजिस्टर कपाटातून काढा. पाऊस किती, अडलं किती, रब्बीला उरतं किती आणि उसाला किती चाललंय, हे एकदा चावडीवर लिहिलं की पुढचं भांडण गावच करतं.

सौर यायला वेळ लागेल, तोवर तीन कामं स्वस्तातली. प्रत्येक मोटारीला कपॅसिटर. गंजलेला, जाळी चोंदलेला फूटव्हॉल्व्ह बदलणं. आणि दोन इंची पाइपवर पाच एचपी घालून घासाघीस करण्याऐवजी योग्य व्यासाचा पाइप. मी तपासलेल्या मोटारींत एवढ्यानेच वीस-पंचवीस टक्के वीज वाचलेली पाहिली आहे. डीपी जळायचे थांबतात तो नफा निराळा. घरांच्या छतांसाठी केंद्राची सूर्यघर योजना आहे, तीन किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान. तेवढ्या पॅनेलमधून वर्षाला चार हजारांवर युनिट निघतात, म्हणजे घरामागे तीन टन. दीडशे झाडांचं काम.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आम्ही काय कमी करायचं. जगाच्या वाटाघाटीत भारत म्हणतो, आमचं माणशी उत्सर्जन कमी, आमच्यावर सारखा बोजा नको. तोच न्याय राज्याच्या आत मराठवाड्याला लागू व्हायला हवा, आणि हे तुम्ही ठरावात लिहू शकता. गारपीट 2014 ची, पाण्याची रेल्वे 2016 ची, पूर 2025 चा; भोगतोय तो आपण. टनांची कपात परळीसारख्या ठिकाणी, सिमेंट-पोलादात, शहरांच्या वाहतुकीत व्हायची आहे, आणि परळी कधी तरी मंदावेल तेव्हा तिथल्या कंत्राटी कामगाराचं, राख वाहणाऱ्या टिप्परवाल्याचं, वीटभट्टीवाल्याचं काय, हे आत्ताच विचारायला हवं. गावाने फक्त तेवढंच अंगावर घ्यावं, ज्यात बिल, पाणी किंवा खताचा पैसा वाचतो. त्यापलीकडचं मागणाऱ्याने पैसे घेऊन यावं.

केरळात वायनाडमधल्या मीनंगाडीने 2016 पासून आणि जम्मूतल्या पल्लीने 2022 मध्ये हा मार्ग धरला, त्यांची नावं तुम्हाला ऐकवली जातील. पल्लीत 500 किलोवॅटचा सौर प्रकल्प बाहेरून आला, हेही सोबत ऐकून घ्या.

ठरावातला ‘कार्बन न्यूट्रल’ शब्द मी काढेन. त्याजागी चार गोष्टी: गेल्या तीन वर्षांच्या सरासरीवर गावाचा हिशेब मांडू, शेती फिडर दिवसा सौरवर यावा अशी मागणी करतो, सोबत पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रामसभेत वाचू, आणि युरियाची पोती दुकाननिहाय मोजू. युरिया आता अंगठा लावूनच मिळतो, त्यामुळे आकडा दुकानदाराच्या मशीनमध्ये असतो, त्याला गोडीत विचारा. विजेसाठी घरोघरी फिरू नका, बिनमीटरच्या पंपांचा वापर हॉर्सपॉवरवरून अंदाजाने धरलेला असतो आणि त्या अंदाजावर वीज नियामक आयोगापुढे वर्षानुवर्षं वाद झालेत. थेट सबस्टेशनला जा, ऑपरेटरकडे तुमच्या शेती फिडरच्या मीटरचं मासिक रीडिंग असतं, ते वहीत उतरवून घ्या. फिडरवर दुसरी गावं असतील तर एचपीच्या प्रमाणात वाटा काढा. तीन वर्षांचं मागा. एकाच वर्षाचं मिळालं तर त्या आकड्याशेजारी पेनने लिहून ठेवा, ते साल पावसाचं होतं की कोरडं.